चार बोटं उघडं दार

कुबलबाईंच्या हातात कुठलाही कागद दिला की त्या आधी तो उलटा करून मागची बाजू बघत. कोरी असली तरी बघत. मग पुढची बाजू वाचत, आणि वाचून झाल्यावर पुन्हा एकदा मागे बघत. आमच्या तंत्रनिकेतनाच्या कार्यालयात मी तेव्हा अधीक्षक होतो. माझ्या हातचा कागद कोणी असा तपासला की माझ्या कपाळाला आठी पडायची. एकदा न राहवून विचारलंच, "बाई, मागे काय शोधता?"

"काही नाही हो सावंतसाहेब, सवय. आमच्याकडे मासा घेताना कल्ले उघडून बघतात ना, तसं."

मी कणकवलीच्या वरच्या अंगाचा, भातशेतीवाल्या घरातला माणूस. आपली सरकारी पत्रं माशासारखी तपासली जातायत हे ऐकून रागवावं की हसावं, हे मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठरवता आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डब्यातली कोळंबी माझ्या झाकणात वाढली आणि प्रश्न मिटला.

शैला कुबल आमच्याकडे यंत्र विभागात शिकवायच्या. आचऱ्याच्या अलीकडे खाडीला लागून त्यांचं गाव. वडील दाजी खाडीत आणि समुद्रात मासेमारी करायचे, आई मालवणच्या बाजारात मासे विकायला बसायची. बाई अंगाने काटक, पायात कायम कॅनव्हासचे बूट, साडीवरसुद्धा. कार्यालयात त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. पण फार राग आला किंवा फार आनंद झाला की तोंडातून मालवणी बाहेर पडे. त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय हे कळायला चेहरा वाचावा लागत नसे. 'सावंतसाहेब' म्हणाल्या तर सगळं ठीक, 'सावंतानू' म्हणाल्या तर खुर्ची सावरून बसायचं.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती फेलोशिपच्या अर्जामुळे. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. बाईंना पीएचडी करायची होती आणि त्यासाठी दिल्लीतली एक संस्था तीन वर्षं पैसे द्यायची. अर्ज तीन प्रतींत, टंकलिखित, मुख्याध्यापकांच्या नव्हे तर प्राचार्यांच्या सहीशिक्क्यासह, असा काहीतरी थाट होता. टंकलेखन माझ्याकडे. विषयाचं नाव टाइप करता करताच मला घाम फुटला. म्हटलं, "बाई, आधी मला कळेल असं सांगा, नाहीतर माझी बोटं चालायची नाहीत."

त्या समोरच्या बाकावर मांडी घालून बसल्या. "तुमच्या घरची मातीची भिंत कशी घातली होती? एका दिवसात?"

"छे. आज एक थर, तो सुकला की उद्या दुसरा."

"तेच. असं एक मशीन निघालंय. प्लास्टिकचे पातळ पातळ थर एकावर एक घालून वस्तू उभी करतं. साचा नको, कापाकापी नको. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट, आमच्या खारबंधाऱ्याची झडप."

झडप मला ठाऊक होती. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बंधारा असतो, आणि शेतातलं पाणी बाहेर जावं म्हणून बंधाऱ्यात एक दार असतं, वरून टांगलेलं. भरतीचं पाणी त्याला बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून उघडतं. माणसाने काही करायचं नसतं. पण खाऱ्या पाण्यात ही दारं झिजतात, गंजतात, आणि नवीन आणलेलं दार जुन्या चौकटीत कधी नीट बसत नाही, कारण प्रत्येक गावची चौकट वेगळी. बाईंचं म्हणणं असं, की खऱ्या झडपेवर मापं घेणारी यंत्रं बसवायची आणि तशीच एक झडप संगणकात तयार करायची. खाडीवरची झडप जे करील तेच संगणकातल्या झडपेनं त्याच वेळी करायचं. दोघी जुळल्या, की कुठे काय झिजतंय ते घरबसल्या कळेल, आणि तेवढा तुकडा थरांच्या मशीनवर मापात बनवता येईल. आता याला डिजिटल ट्विन म्हणतात आणि माझा पुतण्या त्यावर पगार घेतो. तेव्हा तो शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता. बाई संगणकातल्या झडपेला 'जुळी' म्हणायच्या.

पहिला अर्ज परत आला. दुसराही आला. तिसऱ्या वेळी मुलाखतीनंतर पत्र आलं, की विषय आवडला, एक वर्षाची फेलोशिप देतो. मी पेढे आणायला माणूस पाठवणार, तेवढ्यात बाईंनी पत्र उलटं केलं, सुलटं केलं, आणि उत्तर टाइप करायला सांगितलं: काम तीन वर्षांचं आहे, एका वर्षात होणार नाही, द्यायची तर तीन वर्षांची द्या, नाहीतर नको.

"बाई, हातात आलेलं घालवू नका," मी अक्षरशः हात जोडले.

"सावंतानू, आये माझी बाजारात बसता. गिऱ्हाईक अर्ध्या भावात मागता म्हणान ती अर्धो मासो कापून देता काय?"

मी खुर्ची सावरून बसलो आणि टाइप केलं. महिन्याभराने उत्तर आलं. तीन वर्षं मंजूर. मात्र दर वर्षी तपासणी, आणि दुसरं वर्ष संपताना समिती स्वतः येऊन बघणार. खरं दार आणि संगणकातलं दार जुळत नसेल तर तिसरं वर्ष रद्द. या अटीकडे मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. पेढ्यांकडे दिलं.

थरांचं मशीन पुण्याच्या एका संस्थेत होतं, तिथेच बाईंचे गाईड. बाई महिन्यातून एकदा रातराणी एसटीने जायच्या आणि आपल्या वस्तू स्टीलच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून परत यायच्या. एकदा फोंडाघाट उतरल्यावर कंडक्टर त्यांना म्हणाला, "बाई, पुण्यावरना मासे आणतास मालवणाक?" बाईंनी डबा उघडून दाखवला. आत तळहाताएवढी पांढरी झडप, बिजागरीसकट. कंडक्टरने ती हातात घेऊन उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ती पुढच्या बाकावर गेली, तिथून ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. कणकवली येईस्तोवर गाडीतल्या झाडून सगळ्यांनी ती उघडून मिटून बघितली होती. बाई हे सांगताना इतक्या खूश होत्या, की अख्खा प्रसंग मालवणीत झाला. "एका म्हाताऱ्यान इचारल्यान, ह्या दार खंयच्या देवळाचा? मी म्हटलंय, आमच्या बंधाऱ्याचा. तर तेणा हात जोडल्यान!"

पहिलं वर्ष असं मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी बंधाऱ्यावर मापांची पेटी बसली आणि दार बिघडलं.

म्हणजे दार बिघडलं नव्हतं, हीच तर पंचाईत. बंधाऱ्यावर खांबाला बांधलेल्या पेटीत दर दहा मिनिटांनी तीन आकडे नोंदले जात: बाहेरचं पाणी किती, आतलं पाणी किती, दार किती उघडं. पहिले दोन आकडे संगणकातल्या झडपेला दिले, की तिने तिसरा आपला आपण सांगायचा. बहुतेक दिवशी ती बरोबर सांगायची. पण मधूनच एखाद्या भरतीला ती म्हणायची 'मी घट्ट बंद', आणि खाडीवरचं दार मात्र चार बोटं उघडं. एखाद्या आठवड्यात एकदा, एखाद्या आठवड्यात तीनदा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त.

बाईंनी काय केलं नाही? बिजागरीला नवा बुश घातला. चिखल अडकतो का बघितलं. लाकूड फुगतं का बघितलं. माप घेणारं यंत्र बदललं. शेवटी दोन-तीनदा भर दुपारच्या भरतीला स्वतः छत्री घेऊन बंधाऱ्यावर बसल्या. त्या बसल्या की दार शहाण्यासारखं मिटायचं.

"तुम्हाला घाबरतं," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. समितीची तारीख चार महिन्यांवर आली होती. चाळिशी जवळ आलेली. ही फेलोशिप गेली तर नव्याने कोणी देणार नव्हतं, पुण्याच्या मशीनवरची वेळ बंद होणार होती आणि पीएचडी तिथेच राहणार होती. हे त्या बोलून दाखवत नसत, पण डबा अर्धा परत जाऊ लागला. गाईडसरांनी फोनवर एक सोपा उपाय सांगितला. न जुळणाऱ्या भरत्या यंत्राची चूक म्हणून गाळा, उरलेल्या दाखवा. सगळे असंच करतात. फोन माझ्या टेबलावरच होता, म्हणून मला बाईंचं उत्तर ऐकू आलं. "सर, मी ते लाल शाईने लिहिते आहे. गाळत नाही." फोन ठेवून मला म्हणाल्या, "आयेकडे कालचो मासो असलो तर ती गिऱ्हाईकाक 'कालचो' म्हणान सांगता. ताज्याच्या खाली ढकलणा नाय. तिचो माल अजूनपर्यंत कधी परत इलो नाय."

मला त्या वेळी बाईंचा अभिमान वाटला आणि गाईडसरांचं म्हणणंही पटलं. कार्यालयात जन्म गेलेल्या माणसाचं असंच होतं.

आणि अशात गावपळण आली.

आचरा-चिंदर भागात काही गावांची ही रीत आहे. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला, की अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबडी, कुत्री, सगळं. गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. ते तीन दिवस गाव देवाचं. बाईंच्या गावची गावपळण समितीच्या तारखेच्या तीन आठवडे आधी आली आणि गावात एक नवाच प्रश्न उभा राहिला: बंधाऱ्यावरच्या पेटीचं काय करायचं?

वाडीतल्या जुन्या माणसांचं म्हणणं, माणूस नाही तर माणसाचा डोळाही नको. पेटी बघते आणि लिहून ठेवते, म्हणजे ती बघतेच की. तरण्या पोरांचं म्हणणं, ते निर्जीव आहे. वाद देवळापर्यंत गेला, आणि बाई म्हणाल्या, "देवालाच विचारू."

रविवार होता म्हणून मीही गेलो. देवळात गाव जमलेलं. गुरवाने देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला कळ्या चिकटवल्या; जी आधी पडेल तो देवाचा कौल. मानकऱ्यांनी खाकरून गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान बंधाऱ्यार जा काय यंत्र बसयला हा..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"ता तीन दिवस थयसरच रवला, तर तुझ्या राखणेत बाध येवचो नाय मा? येणा नसात तर उजवो कौल दी. आणि येणा असात तर डावो दी, आमी ता आताच्या आता उचलून घेवन जातो, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाई हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या. मी त्यांच्या कानाशी पुटपुटलो, "डावा आला तर?"

"तर काढतलंय."

"आणि समिती?"

"गाव माझा पयलो. मगे समिती." डोळे उघडले नाहीत.

उजवी कळी पडली. गुरवाने ती बाईंच्या ओंजळीत टाकली आणि त्यांनी ती रुमालात बांधून कमरेला खोचली. मी सरकारी नोकर, पण त्या क्षणी माझाही जीव भांड्यात पडला, हे कबूल करायला मला लाज नाही.

तीन दिवस गाव वेशीबाहेरच्या माळावर राहिलं. झावळ्यांच्या खोप्या, मोठमोठे टोप, भजनं, फुगड्या. मी जाऊन जेवून आलो. दाजी एका खोपीत पत्ते खेळत होते आणि सारखे खाडीच्या दिशेने बघत होते. मला वाटलं, होडीची काळजी.

गाव परतल्यानंतर तीन दिवसांनी, सकाळी कार्यालय उघडतं न उघडतं तोच बाई आल्या. हातात छापलेल्या आलेखाची लांबच लांब पट्टी. ती त्यांनी माझ्या टेबलावर, आवक-जावक रजिस्टरवर, चहाच्या कपावर पसरली. "बघा."

दोन रेघा होत्या. निळी खऱ्या दाराची, काळी जुळीची. एका जागी दोन्ही अशा एकमेकींवर बसल्या होत्या की एकच रेघ वाटावी.

"सहा भरत्या," बाई म्हणाल्या. "गावपळणीच्या. एका केसाचा फरक नाही. आणि हे बघा, गाव परत आल्यावरची दुसरीच भरती." तिथे निळी रेघ वर राहिली होती. चार बोटं.

मी शेतकऱ्याच्या घरातला. मला आलेख कळत नाही, पण शेत राखायला बसलेला माणूस जसा विचार करतो तसा मला करता येतो. "बाई," मी म्हटलं, "माणसं नव्हती तेव्हा दार शहाणं. माणसं आली की वेडं. म्हणजे दारात खोट नाही, कोणीतरी त्यात काहीतरी अडकवतंय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली. तिथे माझं कॅलेंडर होतं.

आता या कॅलेंडरचं सांगितलं पाहिजे. मला अधूनमधून अंगावर पित्त उठायचं. डॉक्टरांनी सांगितलं, कोळंबी खाल त्या दिवशी खूण करा, बघू त्यानेच होतं का. कोळंबी मला मिळायची ती फक्त बाईंच्या डब्यातली. आमच्या घरी बायको आणू द्यायची नाही. म्हणून बाईंच्या डब्यात कोळंबी असेल त्या दिवशी मी कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारायचो. पित्ताचा आणि कोळंबीचा काही संबंध नाही, असं नंतर सिद्ध झालं. पण ते असो.

"ह्यो फुल्यो कसल्यो?" बाईंनी विचारलं. मालवणी. मी खुर्ची सावरली.

"सुंगटांच्यो. तुमच्या डब्यातल्या."

बाईंनी पिशवीतून वही काढली. लाल शाईची पहिली तारीख वाचली. कॅलेंडरवर तिच्या दुसऱ्या दिवशी फुली. दुसरी लाल तारीख. दुसऱ्या दिवशी फुली. त्या पानं उलटत होत्या, मी कॅलेंडरचे महिने उलटत होतो. एकही चुकली नाही. लाल तारखेनंतर मध्ये रविवार आला असेल तेवढीच एखादी फुली नव्हती, कारण रविवारी डबा नसे.

बाई बाकावर बसल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. इतक्या, की शिपाई दारातून डोकावून गेला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. "वर्सभर मी ता शोधतंय, सावंतानू. आणि वर्सभर मी ताच खातंय."

"चला," त्या एकदम उठल्या. "साक्षीदार व्हयो."

मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. दाजी अंगणात जाळं शिवत होते. उंच, उन्हाने काळवंडलेला, शांत माणूस.

"बाबा, झडपेक तुमी कायतरी लावतास?"

"लावतंय तर," दाजी सुई न थांबवता म्हणाले. "झावळीच्या देठाचो तुकडो. वायच दार उघडा रवला की भरतीबरोबर सुंगटां आत येतत. ओहोटीक जाळा लावला की मिळतत. माझो बापूस लावी, तेचो बापूस लावी."

"माका सांगलास नाय कित्याक?"

"तू इचारलंस खंय? तू गंजाचा इचारलंस, चिखलाचा इचारलंस, लाकडाचा इचारलंस. सगळा सांगलंय." मग जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "आणि तुझ्या यंत्राक मी कधी हात लावक नाय हां. उलट पाणी उडात म्हणान दरवेळेक माझी टोपी घालतंय तेच्यार. तू बसतलंस तेवा तर तुका तरास नको म्हणान मी फिरकणय नाय."

बाईंनी डोकं धरलं. मग त्यांनी वडिलांना सगळं नीट सांगितलं: समिती, तारीख, तिसरं वर्ष. दाजींची सुई थांबली. त्यांचा चेहरा बघवेना. "म्हणजे माझ्यामुळा तुझा बंद होतला?"

"तसा नाय."

"माझा नाव लिवचा लागतला? शेतकरी काय म्हणतले? खारा पाणी आत घेतल्यान म्हणतले."

बाई अंगणातच खाली बसल्या. नाव न घेता सांगता आलं असतं. ओंडका अडकला म्हणता आलं असतं. गावपळणीच्या सहा भरत्या तेवढ्या दाखवल्या असत्या तर कोणाच्या बापाला कळलं नसतं, आणि इथे तर प्रश्न खरोखरच बापाचा होता. "बाबा," त्या शेवटी म्हणाल्या, "खोटा सांगून तिसरा वर्स मिळाला, तर ता वर्स माका करवचा नाय." दाजींनी सुई बाजूला ठेवली. आईने आतून चहा आणला आणि तो आम्ही तिघांनी घेतला.

समिती तीन माणसांची होती. बंधाऱ्यावर मांडव घातला होता, टेबलावर लॅपटॉप, आणि बघायला निम्मं गाव. बाईंनी आलेख पहिल्यापासून दाखवला, लाल तारखांसकट. मग गावपळणीच्या सहा भरत्या. मग पुन्हा लाल. अध्यक्ष बारीक चणीचे, जाड चष्म्याचे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "हा तुकडा लावतं कोण?"

बाईंनी मांडवाच्या कडेला बसलेल्या दाजींकडे एकदा बघितलं.

"माझे वडील," बाई म्हणाल्या. "आणि आत आलेली कोळंबी वर्षभर मी खाल्ली आहे. आमच्या कार्यालयानेही."

सगळे माझ्याकडे वळले. मी सरकारी चेहरा करायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात मागून शेतकऱ्यांचे पुढारी, खाजणातले, म्हणजे बंधाऱ्याआतल्या शेतीतले, मोठे खातेदार उठले. दाजी मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. खातेदार म्हणाले, "साहेब, ते आम्हाला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. दाजी आमच्या घरी पण वाटा पाठवतात." मग बाईंकडे वळून, "चेडवा, तुका म्हायत नाय ह्या आमका म्हायत नव्हता गो!"

हशा ओसरल्यावर अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला. "तुमची संगणकातली झडप हे सांगू शकेल का? कधी लावला, किती जाड लावला, आणि त्याने शेतात किती खारं पाणी गेलं?"

"सांगू शकेल."

"आत्ता?"

"आत्ता नाही. एक वर्ष लागेल." आणि बाई तशाच उभ्या राहिल्या. मला आतून वाटत होतं, काहीतरी बोला, विनंती करा, निदान वर्षाचे सहा महिने तरी म्हणा. पण त्या आणखी एक शब्द बोलल्या नाहीत. अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मंडळी जेवायला उठली.

पुढे बाई डॉक्टर कुबल झाल्या, ते मला पत्राने कळलं. तोवर मी निवृत्त होऊन मुलाकडे कोल्हापूरला गेलो होतो. झडपेला खाली एक लहान खिडकी बसवली, भरतीला मोजकाच वेळ उघडणारी. शेतही राहिलं आणि कोळंबीही, असं पत्रात होतं. पत्र वाचून मला फार बरं वाटलं. मी ते उलटं करून मागेही बघितलं. मागे काही नव्हतं.

पण बाई म्हटल्या की मला डोळ्यांसमोर दिसतात त्या माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातल्या. दिल्लीचं पत्र टपालात आलं आणि ते शिपायाच्या हाती द्यायला मला धीर निघेना. मी रिक्षा करून बंधाऱ्यावर गेलो. भरती भरत आली होती. बाई साडी गुडघ्यापर्यंत खोचून झडपेपाशी पाण्यात उभ्या, शेजारी दाजी. काठावर लॅपटॉप एका पाटावर ठेवलेला, त्यावर छत्री. दाजींच्या हातात पांढऱ्या प्लास्टिकच्या पाचरींचा जुडगा होता, पुण्याच्या मशीनवर थर घालून बनवलेल्या: एक बोटाची, दोन बोटांची, अशा चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या बोटाच्या फरकाने.

"ह्या प्लास्टिकाक सुंगटां येवची नाय," दाजी कुरकुरत होते.

"बाई, पत्र!" मी ओरडलो.

"माझे हात ओले आहेत, वाचा."

मी बंधाऱ्यावर उभा राहून इंग्रजी पत्र मोठ्याने वाचलं. तिसरं वर्ष, पूर्ण, कोणतीही नवी अट नाही.

"म्हणजे काय?" दाजींनी विचारलं.

"म्हणजे आणखी एक वर्स, बाबा, मी सांगतलंय तेवाच लावचा, आणि मी सांगतलंय तितक्याच लावचा." बाईंची नजर लॅपटॉपवर होती. "आता किती लावलास?"

"चार बोटां."

बाईंनी पडद्यावरची रेघ बघितली. "साडेतीन. खरा सांगा."

दाजींनी पाण्यात हात घालून पाचर चाचपली. वर बघितलं, आणि हसले. "साडेतीन."

"लिवा, सावंतानू," बाई म्हणाल्या. "वही पाटाखाली आसा. साडेतीन."